तिवरांतली शिट्टी

लग्नाआधी काही वर्षं मी अर्नाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमचं घर गिरीजला, केळीच्या वाडीत. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळेनात, म्हणून आठवडाभर मी अर्नाळ्याला एका कोळ्याच्या घरी राहायचे आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेसाठी घरी यायचे. त्या घरात दोघंच होती, काका आणि काकी. मुली लग्न होऊन गेलेल्या. काका कमी बोलायचे, त्यांची सगळी कसर काकी भरून काढायची. ती बंदरावर मासळी विकायची आणि लिलावाच्या गलक्यात तिचा आवाज वेगळा ओळखू यायचा. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला माझी रोझरीची माळ टांगलेली असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ते सत्तरच्या दशकाचं अखेरचं एखादं वर्ष असावं. नाताळ नुकताच उरकला होता. पहाटे खाडीवर धुकं धरायचं आणि शाळा भरेपर्यंत उठायचं नाही. अशाच एका सकाळी धुकं वर गेलं आणि समोरच्या किल्ल्याच्या बेटाच्या मागच्या अंगाला, वैतरणेचं पाणी वळण घेऊन शांत होतं तिथे, एक पांढरी शिडाची बोट उभी दिसली. रात्रीतून केव्हातरी भरतीबरोबर आत शिरली होती.

ती जागा आमच्या गावच्या बोटी टाळायच्या. वळणावर एक खोल डोह होता. त्यात ओहोटीलाही पाणी राहायचं, पण डोहात शिरायची वाट मात्र पाणी उतरलं की बंद व्हायची. आत असलेली होडी मग पुढची भरती येईपर्यंत चारही बाजूंनी चिखलात कोंडली जायची. काठाला तिवरांचं दाट रान. त्यात बगळे, रातबगळे, पाणकावळे, संध्याकाळी कोल्हे. माणसाला तिथे काही काम नसे. शेजारून जाताना बायका बोलणं थांबवायच्या, हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीचा मालक रबराच्या फुगवलेल्या होडीतून बंदरावर उतरला. उंच, पांढरी दाढी, उन्हाने लाल झालेली मान. एकटाच होता. पोलीस येऊन त्याचे कागद बघून गेले होते. तो पिण्याचं पाणी आणि पाव शोधत होता आणि त्याच्यामागे अख्खी शाळा धावत होती, म्हणून हेडमास्तरांनी मला पाठवलं.

“तुम्ही इंग्रजी बोलता! देवाचे आभार,” तो म्हणाला. तो कुठल्याशा थंड देशातला दंतवैद्य होता. बायको वारल्यावर दवाखाना विकून त्याने बोट घेतली होती. कोचीला निघाला होता, पण वारा उलटा लागला, आणि आत आल्यावर इथली पाखरं बघून त्याचा पाय निघेना. चौथीतल्या एका मुलीला त्याने तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि मला म्हणाला, “हिला सांगा, फार सुंदर दात आहेत.” ती पोर लाजून माझ्या पदरात शिरली.

त्याच्या गळ्यात दोरीला लाकडाची बोटभर नळी होती. ती त्याने ओठाला लावली. लांब वाकड्या चोचीचा, मातकट रंगाचा एक पक्षी हिवाळ्यात आमच्या चिखलावर उतरतो. मुलं त्याला वाकडचोच्या म्हणायची. त्याची ती वर चढत जाणारी, मधेच तुटणारी, कुणीतरी हरवल्यासारखी हाक. हुबेहूब तीच त्या नळीतून निघाली. क्षणभर काही नाही. मग खाडीपलीकडून, तिवरांतून, तशीच हाक आली. मुलांनी टाळ्या पिटल्या.

काकी टोपली घेऊन घरी निघाली होती, ती थांबली. दिवस मावळायला आला होता. “बाय, त्याला सांग, तिनीसांजेचं असं वाजवू नको म्हनावं. खाडीत काय काय असतं. त्याला हाक दिली का ते ओ देतं.”

मी हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, “पण पाखरांना नेमकं याच वेळेला बोलायला आवडतं.” आणि त्याने काकीला वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर काकीने दारात पाणी शिंपडलं.

नंतरचे काही दिवस आम्ही त्याला लांबूनच बघत होतो. सकाळी रबरी होडी तिवरांत शिरायची, दुपारी बाहेर यायची. अंधार पडला की तो डोलकाठीला कंदील लावायचा आणि तो पिवळा ठिपका आमच्या ओट्यावरून दिसायचा.

आणि मग एके संध्याकाळी तो दिवा दिसला नाही.

“झोपला असंल,” काका म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळीही दिसला नाही. नळीचा आवाज मात्र येत होता. पहाटे पाण्याला गेलेल्या बायकांनी ऐकला, शाळेच्या पटांगणावरून मीही ऐकला. एक हाक, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा एक. गोरा पाखरांशी बोलतोय, असं म्हणून लोक हसले. काकी हसली नाही. तिने खिडकी ओढून घेतली आणि म्हणाली, “पाखरू एका जागी बसून इतकं वराडत नाय.”

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पिशवी भरून एसटीकडे निघाले होते, तर गावचे पोलीस पाटील ओट्यावर बसलेले. बोटीवर माणूस दिसत नाही, म्हणाले, तरुण मंडळी सगळी समुद्रावर गेली आहेत, बाई, तुम्ही काकांबरोबर जाऊन बघून या, काही लिहून ठेवलं असेल तर वाचायला पाहिजे. मी एकटी बाईमाणूस परक्याच्या बोटीवर कशी जाणार, म्हणून काकीही पदर खोचून होडीत बसली. “चल. बघू तरी गोऱ्याचं घर कसं असतं.”

दुपारचं ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. ओहोटी लागली होती, काका घाईने वल्हवत होते. बोटीजवळ गेलो तसं पहिलं लक्षात आलं ते हे, की ती पांढरी राहिली नव्हती. सगळीकडे पाखरांची घाण पडलेली. सुकाणूच्या दांड्याशी एक बगळा उभा होता. आम्ही हात लावण्याइतके जवळ गेलो तरी तो हलला नाही. मालकाने पाहुण्यांकडे बघावं तसा मान वळवून बघत राहिला. शेवटी काकांनी वल्हं आपटलं तेव्हा सावकाश उडाला.

“ओ, साहेब!” काकांनी हाक मारली. मी इंग्रजीत मारली. कुणीही उत्तर दिलं नाही.

आम्ही वर चढलो. फळ्यांवर मासळीची डोकी पडली होती, अर्धवट खाल्लेली, खवले चिकटलेले. जणू कुणी जेवून उठलं होतं. दोरीवर एक सदरा वाळत घातलेला. तो वाळून कडक झाला होता. आणि खाली केबिनमध्ये जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांवर ओले ठसे होते. माझ्या तळहाताएवढे. पाच बोटं स्पष्ट दिसत होती. उन्हात ते अजून सुकले नव्हते.

काकीने माझा दंड धरला. “पोर हाय गो आत.”

“एकटाच होता तो,” मी म्हटलं.

खालून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग भांडं पडलं. काका पुढे वाकले, आणि त्याच वेळी खालच्या अंधारातून एक काळपट, ओली वस्तू वर झेपावली, माझ्या साडीला घासून गेली आणि पाण्यात पडली. मी किंचाळले. पाण्यातून एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं, आमच्याकडे वळलं आणि बुडालं.

“पानमांजर,” काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तिला खाडीच्या तळाचा वास येत होता.

ठशांचा आणि मासळीचा उलगडा झाला. तरी खाली उतरताना मी काकीचा हात सोडला नाही. केबिन लहानशी, पण नीटनेटकी. अंथरूण घडी केलेलं. चष्मा मिटून ठेवलेला. पावाला हिरवी बुरशी धरलेली. भिंतीला पाखरांची रंगवलेली चित्रं टाचलेली आणि त्यांच्या मधोमध एक घड्याळ टिकटिक करत चाललेलं. ते घड्याळ बघून मला जास्त भीती वाटली. घरात माणूस नाही आणि घर चालू आहे, असं काहीतरी. लिहून ठेवलेलं काही मिळालं नाही. रबरी होडी तेवढी जागेवर नव्हती.

“खाडीत वर गेला आनि अडकला,” काका म्हणाले. “मानसं आनली पायजेत. पानी उतरतंय, आता निघालो नाय तर समदीच हितं अडकू.”

बोट अशी उघडी टाकून जावं का, यावर दोघांचं बोलणं झालं. उद्या काही चोरीला गेलं तर नाव गावावर येणार. म्हातारा परत आला तर त्याला पाणी द्यायला कुणीतरी हवं. शेवटी काकीच म्हणाली, “तुमी जावा. आमी दोघी बसतो. भरतीला या मानसं घेऊन.” असं म्हणून तिने बसकण मारली. मला विचारलंही नाही.

काकांची होडी वळणाआड गेली. थोड्याच वेळात डोहाच्या तोंडाशी पाणी आटलं आणि चिखलाची पाठ वर आली. आता भरतीशिवाय आमच्याकडे कुणी येऊ शकत नव्हतं, आणि आम्हालाही कुठे जाता येत नव्हतं.

मला उन्हाने गरगरायला लागलं, म्हणून मी केबिनच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथे मला तो आवाज ऐकू आला. बोटीच्या बाहेरून, पाण्याखालून, सगळीकडून एकसारखी तडतड येत होती. तापल्या तव्यावर मीठ टाकावं तशी. वर फळीवर तो अजिबात ऐकू येत नव्हता. मी भिंतीच्या लाकडाला तळहात लावला, तर ती तडतड हाताला जाणवली. पुढे कित्येक वर्षांनी मला कुणीतरी सांगितलं की पाण्याखाली एक जातीची कोळंबी असते, ती नांगी वाजवते, आणि बोटीचं पोट ढोलासारखं तो आवाज धरतं. तेव्हा हे माहीत नव्हतं. मी वर पळाले.

“खाली बसू नको,” काकी म्हणाली. तिने मला जवळ ओढून बसवलं.

चिखल आता सगळीकडून उघडा पडला होता. त्यावर निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या, खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन नांग्या हलवत होते. शेकडो पाखरं उतरली होती, पण एकही ओरडत नव्हतं. आणि सगळ्यांची तोंडं तिवरांच्या एकाच कोपऱ्याकडे होती. वारा नसताना पाखरं अशी एका दिशेला तोंड करून बसत नाहीत. मी काकीला ते दाखवलं नाही. तीही तिकडेच बघत होती.

मग त्या कोपऱ्यातून हाक आली. वर चढत गेली आणि तुटली.

काकीने लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला. “ओ देयाची नाय,” ती कुजबुजली. “काय पन झालं तरी ओ देयाची नाय.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरी कुणाचाच नव्हता. तरी मी तोंड उघडलं नाही. मनातल्या मनात नमो मारियाची प्रार्थना म्हणायला लागले. हाक पुन्हा आली, आणि मग पुन्हा. एवढ्या जवळून ऐकताना ती गावातून ऐकली होती तशी वाटत नव्हती. शेवटचा तुटलेला सूर थरथरत होता. कितीतरी वेळ आम्ही तशाच बसून राहिलो, एकमेकींचे हात धरून.

आणि मग हाक आली, तुटली, आणि तिच्यामागून कुणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा खोकला. पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो. मी काकीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची भीती तशीच होती, पण तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं.

“पाखरू खोकत नाय,” ती म्हणाली.

“काकी, तोच आहे.”

“आनि नसला तर?”

काकी उठली. डोलकाठीला धरून उभी राहिली, तिने एकदा आकाशाकडे हात जोडले, आणि मग लिलावात देते तसा आवाज दिला, “कोन हाय रं? कोन हाय तकडं?”

चिखलावरची सगळी पाखरं एकदम उठली. पंखांचा नुसता वादळासारखा आवाज झाला. ती डोक्यावरून गेली, लांब गेली, आणि मग जी शांतता पडली तशी शांतता मी त्यानंतर ऐकलेली नाही. हाक थांबली होती. आम्ही वाट बघत राहिलो. काकीचे ओठ पांढरे पडले. ओ देऊन आपण काय करून बसलो, हे ती मनात म्हणत होती, मला दिसत होतं.

मग तिवरांतून भराभर शिट्ट्या आल्या. एकावर एक, वेड्यावाकड्या, सूर नसलेल्या. कुणी ऐकतंय हे कळलेल्या माणसाच्या.

मी इंग्रजीत ओरडले, “आम्ही तुमच्या बोटीवर आहोत! माणसं येतायत! तिथेच थांबा!” उत्तरादाखल एक लांब शिट्टी आली.

पुढचं सगळं काम काकीने केलं. भरतीशिवाय काहीच होण्यासारखं नव्हतं, आणि माणूस गप्प बसला तर झोपेल आणि झोपला तर पडेल, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती त्याच्याशी बोलत राहिली. कोळ्यांच्या बोलीत, मोठ्या आवाजात, अखंड. “अरे मेल्या, म्हातारपनी पाखरं बघायला आलास? घरी कोन नाय तुला? पोरंबाळं नायत? थांब, तू भायेर ये, मंग सांगते तुला!” ती धाप लागून थांबली की मी बोलायचे. मला इंग्रजी सुचेना, तर वर्गात घोकून घ्यायचे त्या कविता आणि प्रार्थना म्हटल्या. मधूनमधून शिट्टी यायची. हळूहळू ती क्षीण होत गेली. दोन शिट्ट्यांमधला वेळ वाढत गेला. ऊन तिरपं झालं आणि शेवटी चिखलाच्या पट्ट्यांवरून पाण्याची पातळ जीभ आत सरकायला लागली.

काका दोन होड्या आणि चार-पाच माणसं घेऊन आले तेव्हा सूर्य टेकला होता. काकीने नुसतं बोट दाखवलं. तिचा आवाज बसला होता. आम्हीही त्यांच्या होडीत चढलो. मला मागे एकटीला राहायचं नव्हतं.

तिवरांत शिरल्यावर आधी वास आला. पाखरांच्या वस्तीचा, आंबट, डोळ्यांत जाणारा. फांद्याफांद्यांवर रातबगळे बसले होते. पाणी, मुळं, पानं, सगळं त्यांच्या विष्ठेने पांढरं झालेलं. एका मोठ्या तिवराच्या बेचक्यात आणखी एक मोठं पांढरं काहीतरी होतं. आम्ही त्याच्याखालून जवळजवळ पुढे निघून गेलो होतो. मग त्याने डोळे उघडले.

तो म्हातारा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. दाढी कुठली आणि घाण कुठली ते कळत नव्हतं. त्याने पट्ट्याने स्वतःला फांदीला बांधून घेतलं होतं. त्याच्या खांद्याला टेकून एक रातबगळा बसला होता, तो आम्हाला बघून उडालाही नाही. म्हाताऱ्याच्या ओठांत ती नळी होती. ती काढायला काकांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याची रबरी होडी कालवांच्या शिंपांच्या धारेवर फाटली होती. चिखलातून चालत निघाला तर पाय मुळांत अडकून घोटा मोडला. पाणी चढलं तसा तो झाडावर चढला. ओहोटीला उतरायचा प्रयत्न करायचा, पाय टेकवेना, पुन्हा चढायचा. जवळचं पिण्याचं पाणी पहिल्याच रात्री संपलं. घसा असा सुकला की हाक मारता येईना, तेवढी ती नळी वाजवता येत होती. हे सगळं मला नंतर कळलं, विरारच्या एका दवाखान्यात त्याच्या पायाला प्लास्टर घातल्यावर. डॉक्टरांनी दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. काकीही आली, शहाळं घेऊन.

तो उशीला टेकून बसला होता. दाढी काढल्यामुळे वेगळाच दिसत होता, लहान. काकीला बघून त्याचे डोळे भरून आले. मला म्हणाला, “यांना सांगा, यांच्या शिट्टीमुळे मी जगलो.”

“हाकेमुळे,” मी दुरुस्त केलं.

“हाक शेवटी आली. त्याआधी शिट्टी. पहिल्या संध्याकाळपासून. मी वाजवलं की माझ्या बोटीवरून उत्तर यायचं. केबिनमध्ये माझी दुसरी नळी होती, ती कुणालातरी मिळाली असणार, मी तेव्हाच ओळखलं. रात्रभर येत होतं. मी झोपलो की तिकडून आधी वाजायचं आणि मी जागा व्हायचो. नाहीतर पडलो असतो.” तो थांबून श्वास घेऊ लागला. “शेवटच्या दुपारी सगळ्यात स्पष्ट येत होती. मग या बाईंचा आवाज आला, तेव्हा ती थांबली.”

शेवटच्या दुपारी त्या बोटीवर आम्ही दोघीच होतो. फळीवर, एकमेकींचे हात धरून, तोंडं मिटून. नळी मी पाहिली नव्हती, काकीने पाहिली नव्हती. आणि त्याआधीच्या रात्री तिथे पाणमांजराखेरीज कुणी नव्हतं.

“काय बोलतो?” काकीने विचारलं.

मी तिला शब्दन् शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा जराही बदलला नाही. मग शहाळ्याच्या देठाशी चाळा करत म्हणाली, “त्याला सांग, मीच वाजवत व्हते.”

“काकी…”

“सांग म्हनते ना.”

मी सांगितलं. म्हाताऱ्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. काकीने लावू दिला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. मी किल्ल्याच्या तटाचं सांगितलं. आवाज त्याच्यावर आपटून परत येत असेल. मी तहानेचं, तापाचंही सांगितलं. “असंल,” ती म्हणाली. “असंल तसंच.” आणि मला म्हणाली की हे काकांना सांगायचं नाही, त्यांना रात्री-अपरात्री पाण्यावर जावं लागतं.

बोट आणखी काही आठवडे तिथेच उभी होती. पोलीस पाटलांना तिच्यावर राखण ठेवायची होती, पण गावातलं कुणी तयार होईना. दर दोन-चार दिवसांनी काकीच काकांना घेऊन जायची, भर दुपारी, भरती बघून. बादल्या ओतून फळ्या घासायची, चादरी उन्हात घालायची. परक्याचं घर घाण ठेवू नये, म्हणायची. मला तिने कधी बरोबर नेलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पुढे मुंबईहून दोन खलाशी आले आणि बोट घेऊन गेले. म्हातारा कुबड्या घेऊन विमानाने त्याच्या देशाला गेला. निघताना शाळेत येऊन मुलांना दात कसे घासायचे ते दाखवून गेला.

ते वर्ष संपल्यावर मला गिरीजजवळची शाळा मिळाली. माझ्या लग्नाला काकी आली, पापलेटांची टोपली घेऊन. आमच्या घरच्या बायकांमध्ये बसून, त्यांची बोली अर्धीमुर्धी कळत असताना, सगळ्यांत जास्त तीच बोलली. संध्याकाळी मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. नवी नवरी असं रस्त्यावर येऊ नये म्हणून ती मला परत हाकलत होती. तिथे मी विचारलं, “काकी, बोट धुवायला जायचीस तेव्हा काही ऐकलंस का गं कधी?”

डोक्यावरची चुंबळ काढून तिने पुन्हा नीट बसवली.

“मी जाताना मोठ्यानं बोलत जायची,” ती म्हणाली. “बोलत धुवायची, बोलत परत यायची. गप बसलेच नाय. मंग ऐकू कसं येनार?”

एसटी आली. गर्दी होती. काकीने कंडक्टरला दोन शब्द सुनावले, खिडकीजवळच्या एका मुलाला उठवून बसली, आणि गाडी सुटता सुटता मला ओरडून म्हणाली की सासूला सांग, पापलेट आजच तळून टाका, उद्यापर्यंत ठेवू नका.